काकांचे २७ मिलिसेकंद

कीबोर्ड कॉम्प्युटरवर रेकॉर्ड कसा करायचा, असं यूट्यूबवर शोधलंत तर पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला एका शत्रूची ओळख करून दिली जाते. त्याचं नाव लेटन्सी. पट्टी दाबल्यापासून आवाज कानात पोचेपर्यंत लागणारा उशीर. ब्लूटूथ इअरबड लावून मोबाइलवर गेम खेळला असेल, तर हा उशीर तुमच्या ओळखीचा आहे. गोळी सुटते आणि आवाज मागून येतो. वाजवणाऱ्या माणसाला असा उशीर सहन होत नाही. म्हणून तो शून्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा, हा रेकॉर्डिंगच्या जगातला पहिला नियम.

नियम बरोबरच आहे. मला त्याचा एक अपवाद भेटला, एवढंच. तो अपवाद म्हणजे माझे काका.

काका सांगलीचे. १९९० च्या आसपास ते ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले. गणपतीत रोज एक सुपारी, मग नवरात्र, मग गावोगावच्या जत्रा, मध्ये लग्नाच्या तारखा. सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं ठरलेलं काम. पोलीस बातम्यांमधली नव्हे. नव्वदचं दशक संपताना त्यांनी मुंबईहून एक सेकंडहँड रोलँड एक्सपी-८० आणला. हा कीबोर्ड कंपनीनं १९९६ मध्ये काढला. ७६ पट्ट्या, फ्लॉपी ड्राइव्ह आणि आपण घडवलेले टोन साठवायला जागा. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांमध्ये एक्सपी मालिकेचा एवढा दबदबा होता, की कीबोर्डवाल्याची ओळख करून देताना 'ह्यांच्याकडं एक्सपी आहे' एवढं पुरायचं.

मग ट्रॅक आले. पेनड्राइव्हमध्ये अख्खा ऑर्केस्ट्रा भरून गायक एकटाच स्टेजवर जाऊ लागला. काकांच्या सुपाऱ्या आधी निम्म्या झाल्या, मग बंद पडल्या. पाठीनंही दगा दिला; एक्सपी पेटीसकट उचलायला दोन माणसं लागतात. या वर्षी त्यांनी तो विकायचं ठरवलं. तासगावकडच्या एका बँजो पार्टीतल्या मुलानं इसार दिला आणि सोमवारी न्यायला येतो म्हणाला. मला हे शुक्रवारी कळलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते आणि उरलेल्या वेळात घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करते. लॅपटॉप, इंटरफेस आणि हेडफोन पिशवीत टाकून शनिवारी सकाळची एसटी धरली. हातात दोन दिवस होते.

पेटी काय करते

ऑडिओ इंटरफेस ही दिसायला साधी पेटी असते. एका बाजूनं वाद्याची केबल आत जाते, दुसऱ्या बाजूनं यूएसबी लॅपटॉपला जोडायची. मधल्या मध्ये ती विजेच्या लहरीचे आकडे करते. ४४,१०० हर्ट्झवर रेकॉर्डिंग ठेवलं, तर एका सेकंदात ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजून लिहून ठेवते. ऐकताना हेच उलट करायचं, म्हणजे आकड्यांची पुन्हा लहर. लॅपटॉपच्या माइकच्या भोकातही हे काम होतं, पण ते भोक बोलण्यासाठी बनवलेलं असतं. कीबोर्डचा दमदार सिग्नल त्यात घातला की आवाज फाटतो.

काकांच्या एक्सपीला यूएसबी नाही. मागे डावा आणि उजवा असे दोन आउटपुट आहेत, डाव्यापाशी 'मोनो' असंही लिहिलेलं. एकच केबल डाव्यात लावली तर कीबोर्ड दोन्ही बाजू एकत्र करून मोनो देतो. स्टेजवर काकांनी आयुष्यभर तेच केलं, कारण मिक्सरवाला एकापेक्षा जास्त चॅनल द्यायला राजी नसायचा. आम्ही दोन केबल लावल्या. दोन्ही काकांनी स्वतः सोल्डर केलेल्या, टोकांना पी-३८ जॅक. गिटारच्या अॅम्पला लागतो तो जाड जॅक, ऑर्केस्ट्रावाल्यांच्या भाषेत पी-३८.

इंटरफेसवर 'इन्स्ट' नावाचं एक बटण असतं. नाव वाचून ते वाद्यासाठीच आहे असं वाटतं, आणि कीबोर्ड हे वाद्यच. पण ते बटण गिटारच्या अशक्त सिग्नलसाठी असतं. कीबोर्ड लाइन लेव्हलचा तगडा सिग्नल देतो, त्यामुळे बटण बंद ठेवायचं. मग कीबोर्डचा आवाज तीन चतुर्थांश, आणि काका सगळ्यात जोरात वाजवतील तेव्हा स्क्रीनवरचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल इतकाच गेन. २४ बिटवर रेकॉर्ड करताना मीटर लालपर्यंत नेण्याची गरज नसते. हळू झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

सगळं जोडल्यावर हेडफोनमध्ये घरघर आली. मी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरघर थांबली. हे ग्राउंड लूपचं लक्षण. दोन उपकरणं दोन वाटांनी जमिनीशी जोडली गेली की त्या वेढ्यातून घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि चार्जरची किरकिर आत शिरते. उपाय म्हणजे सगळं एकाच बोर्डावरून चालवणं, लॅपटॉप बॅटरीवर ठेवणं, किंवा मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स घालणं. काकांनी लगेच तिसऱ्या पिनकडं बोट दाखवलं, 'ती काढून टाक की, आम्ही तसंच करायचो.' ते मात्र करू नका. ती पिन शॉकपासून वाचवते. आम्ही बॅटरीवर काम केलं आणि दर दोन तासांनी चहा घेतला. तेवढ्यात लॅपटॉप चार्ज व्हायचा.

हात ठेवायचा की आवाज

कीबोर्ड दोन तऱ्हेनं रेकॉर्ड होतो आणि या दोन तऱ्हांमध्ये फार मोठं अंतर आहे.

पहिली ऑडिओ. आवाज जसा बाहेर आला तसा.

दुसरी मिडी. यात आवाज नसतोच. कोणती पट्टी, कधी, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढीच नोंद असते. जोर ० ते १२७ मध्ये मोजतात. ही भाषा १९८३ पासून आहे. तिच्यामुळे एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी पहिल्यांदा बोलायला लागलं. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या दोघांना त्यासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला. काकेहाशी म्हणजे रोलँड कंपनीचे संस्थापक. काकांच्या कीबोर्डमागचं पाच पिनांचं गोल भोक ही त्यांचीच देणगी.

बहुतेक जण आज मिडीच वापरतात, कारण त्यात सगळं बदलता येतं. चुकलेला सूर माउसनं ओढून जागेवर आणायचा, पियानोची बासरी करायची. पण काकांच्या बाबतीत एक अडचण होती. त्यांचे टोन. त्यांनी एक्सपीत बसून घडवलेली एक सनई आहे. तिची सुरुवात किंचित खालून होते आणि मग ती सुरावर चढते. एक ब्रास आहे, लग्नाच्या बँडसारखा थोडा बेसूर, मुद्दाम तसा केलेला. एक संतूर आहे, ज्याच्या मागे खूप बारीक आवाजात स्ट्रिंग्ज सुरू असतात. हे टोन कुठल्याही अॅपमध्ये मिळणार नाहीत. एक्सपीच्या आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीच्या जोरावर ते टिकून होते. त्यांची माहिती मिडीतून लॅपटॉपवर उतरवून घेता येते, तशी मी घेतली. पण ती पाककृती झाली. चूल एक्सपीचीच लागते, आणि चूल सोमवारी जाणार होती.

म्हणून दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करायचं ठरवलं. माझ्या इंटरफेसला मिडीची भोकं आहेत, त्यामुळे वेगळं काही आणावं लागलं नाही. वाजवणं एकदाच, आवाज एका ट्रॅकवर, बोटं दुसऱ्या ट्रॅकवर.

'ढोलकी मागं पडतीय'

ताल म्हणून मी एका मित्राच्या ढोलकीचा केरवा नेला होता. काका हेडफोन लावून बसले. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' चालू केला. म्हणजे कीबोर्डचा आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन यायच्या आधीच पेटीतून थेट कानात. उशीर जवळजवळ शून्य. ट्युटोरियलवाल्यांच्या दृष्टीनं आदर्श.

आठ मात्रांची चार आवर्तनं झाली असतील, काकांनी हेडफोन काढला.

'ढोलकी मागं पडतीय.'

'काका, ती रेकॉर्ड केलेली आहे. मागं कशी पडेल?'

'मला काय विचारतीस? पडतीय म्हणून सांगतोय.'

पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. हात अडखळायला लागला. तीस वर्षं स्टेजवर काढलेला माणूस साध्या केरव्यात घसरत होता. काकू स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या. त्यांनी काही विचारलं नाही, पण काकांचा चेहरा उतरला. 'सवय गेली आता,' ते म्हणाले. 'जाऊ दे. टोन नुसते दाबून दाखवतो, तेवढे घे.'

ही वेळ वाईट होती. वाद्य विकलं जातंय हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. हात गेलाय हे मान्य करायची तयारी नव्हती. आणि माझ्या कानांना हात गेलेला वाटत नव्हता.

स्क्रीन मोठी करून दोन लहरी एकाखाली एक लावल्या. ढोलकीच्या थापेचं टोक आणि काकांच्या सुराचं टोक. काका पुढे होते. कधी २० मिलिसेकंद, कधी ३०. पण जवळजवळ प्रत्येक ठोक्याला पुढेच. ज्याचा हात गेला तो कधी पुढे जातो, कधी मागे पडतो. इतका शिस्तीत पुढे राहत नाही. सॉफ्टवेअरच रेकॉर्डिंग सरकवत नाहीये ना, हे पाहायला इंटरफेसच्या आउटपुटची केबल त्याच्याच इनपुटला लावून ढोलकी परत आत रेकॉर्ड केली. मूळ ढोलकी आणि नवी ढोलकी एकावर एक बसल्या. म्हणजे सॉफ्टवेअर त्याचा उशीर बरोबर वजा करत होतं.

मी काकांना विचारलं, स्टेजवर तुम्ही कुठं बसायचा?

'डाव्या कडेला. शेजारी ढोलकीवाला. त्याच्या पलीकडं ऑक्टोपॅड.'

'आणि तुमचा आवाज कुठून यायचा?'

'उजव्या कोपऱ्यातल्या बॉक्समधनं. आम्हाला कुठला आलाय मॉनिटर? पंचवीस-तीस फूट लांब असायचा बॉक्स.'

हवेत आवाज एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद. तीस फूट म्हणजे नऊ मीटरच्या थोडं वर. साधारण २७ मिलिसेकंद.

कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. ढोलकी मांडीवर वाजते, तिथेच ऐकू येते. काकांचा सूर मात्र तारेतून मिक्सरला, मिक्सरमधून कोपऱ्यातल्या बॉक्सला, आणि तिथून हवेतून तीस फूट चालत परत त्यांच्या कानाशी यायचा. शेजारच्या थापेबरोबर तो पोचायचा असेल तर पट्टी आधीच दाबायला हवी. कुणी शिकवलं नाही, कुणी मोजलं नाही. हातानं आपलं आपण अंतर कापलं. युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांनाही असंच करावं लागतं. पाइप लांब आणि वर असतात, सूर उशिरा येतो, बोटं आधी जातात.

म्हणजे मी हेडफोनमधून त्यांना दिलेला शून्य उशीर हाच त्यांचा घोटाळा होता. स्टेजच काढून घेतलं होतं.

उशीर परत दिला

कॉम्प्युटर आवाज एकेक आकडा करून हाताळत नाही. थोडे आकडे साठवतो आणि मग गठ्ठ्यानं पुढे ढकलतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १२८ चा बफर ४४,१०० हर्ट्झवर २.९ मिलिसेकंदांचा. २५६ चा ५.८. ५१२ चा ११.६. १०२४ चा २३.२. आत येताना एक गठ्ठा, बाहेर जाताना एक, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. बफर लहान ठेवला तर उशीर कमी, पण लॅपटॉपची दमछाक होते आणि आवाजात टकटक ऐकू येते. मोठा ठेवला तर लॅपटॉप निवांत, वाजवणारा वैतागतो. विंडोजवर यासाठी इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर टाकायचा असतो. मॅकवर ती सोय आधीच असते.

मी डायरेक्ट मॉनिटर बंद केला. तो बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर थेट आवाज आणि फिरून आलेला आवाज दोन्ही कानात पडतात आणि वाद्य डब्यात बसून वाजवल्यासारखं लागतं. मग सॉफ्टवेअरमधून मॉनिटर चालू केला आणि बफर ५१२ वर नेला. सगळा फेरा मिळून २७ मिलिसेकंद भरला.

काकांना काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, एकदा अजून वाजवून बघा.

एक आवर्तन. दुसरं. तिसऱ्याला त्यांनी सनईचा टोन लावला आणि ढोलकीच्या तिहाईवर येऊन थांबले. बरोब्बर.

'काय केलंस?'

'तुमचा बॉक्स तीस फूट लांब ठेवला.'

त्यांना ते पटायला पाच मिनिटं लागली. मी मोजपट्टी, आकडे, लहरी सगळं दाखवलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, 'म्हणजे हात गेला नाही.' मग काकूंना हाक मारून चहा सांगितला, आणि रात्री अकरापर्यंत उठले नाहीत.

ते बटण

रविवारी दुपारपर्यंत अकरा तुकडे आणि एकेचाळीस टोन झाले. आता ते नीट लावायचे होते. ऐकताना काकांच्या कानात सगळं जागेवर होतं, पण फाइलमध्ये त्यांचे सूर २७ मिलिसेकंद पुढेच पडलेले; त्यांनी पट्टी तेव्हाच दाबली होती.

यासाठी सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. क्वांटाइझ. ते दाबलं की मिडीतला प्रत्येक सूर जवळच्या मात्रेच्या रेषेवर जाऊन चिकटतो. एका सेकंदात सगळं सरळ. मोबाइलवर बीट बनवत असाल तर तुम्ही ते रोज दाबत असाल, आणि बऱ्याचदा त्यात वावगं काही नाही.

पण क्वांटाइझ दोन गोष्टी एकत्र पुसतं. एक म्हणजे काकांच्या स्टेजचं अंतर, जे सगळ्या सुरांना सारखं आहे. दुसरं म्हणजे सुरासुरांमधला फरक, जो काकांचा आहे. मुखड्याआधीच्या भरणीत ते किंचित रेंगाळतात. संतूरच्या तुकड्यात तिसरा सूर नेहमी थोडा लवकर येतो, जणू पुढच्याला हात द्यायला. ब्रासमध्ये दोन हातांचे सूर एकदम पडत नाहीत. डावा आधी, उजवा मागून, आणि त्यामुळेच तो एका माणसाचा न वाटता बँडचा वाटतो. स्क्रीनवर हे सगळे रेषेबाहेर गेलेले ठोकळे दिसतात. सॉफ्टवेअरला त्यातला स्टेजचा भाग कुठला आणि माणसाचा कुठला हे कळत नाही. त्याला फक्त रेष कळते.

म्हणून मी दोन्ही ट्रॅक आख्खेच्या आख्खे २७ मिलिसेकंद मागे सरकवले. स्टेजचं अंतर गेलं. सुरासुरांमधलं जसंच्या तसं राहिलं. ठेक्याचे सूर थापेवर बसले, भरणीचे सूर त्यांना हवे तिथे रेंगाळले.

हे सांगायचं कारण, तुमच्या घरातही कुणीतरी असेल. भजनात पेटी वाजवणारे आजोबा, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारी मावशी, बँजो पार्टीतला मामा. त्यांना रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागत नाही. दोन इनपुटांचा साधा इंटरफेस पुरतो, आणि वेगळा ड्रायव्हर न मागणारा असेल तर तो ओटीजी केबलनं बऱ्याच फोनलाही चालतो. ऑडॅसिटी फुकट आहे. फक्त ते अडखळले तर लगेच वयाला किंवा सवयीला दोष देऊ नका. आधी विचारा, तुम्ही कुठं बसून वाजवायचा, तुमचा आवाज तुम्हाला कुठून ऐकू यायचा. ट्युटोरियलमधली सेटिंग्ज एकट्यानं, खोलीत, हेडफोन लावून वाजवणाऱ्यांसाठी असतात. आपल्याकडचं बहुतेक संगीत तसं वाजवलं गेलेलं नाही. ते मांडवात, ट्रॉलीवर आणि देवळाच्या ओट्यावर वाजलं, आणि त्या जागांची अंतरं वाजवणाऱ्यांच्या बोटांत उतरली आहेत.

सोमवारी तासगावचा मुलगा टेंपो घेऊन आला. विशीचा असेल. कानात मॉनिटर लावून वाजवतो म्हणाला, लांबचे बॉक्स त्याला माहीत नाहीत. त्याचा हात वेगळ्या जागी पडणार, आणि ते ठीकच आहे. काकांनी त्याला फ्लॉपींचा डबा दिला, सनईचा टोन कुठल्या नंबरवर आहे ते दाखवलं, बॅटरी बदलायच्या आधी सगळं फ्लॉपीवर घे म्हणून दोनदा बजावलं. मुलानं केबलच्या भेंडोळ्याला हात घातला तेव्हा मात्र काका मध्ये आले.

'ह्या नाहीत त्यात. ह्या मी सोल्डर केल्यात.'

त्या त्यांनी माझ्या पिशवीत टाकल्या.